थांबलेली उल्का, संपणारे पाणी : अभिजात भूमिकाखेळांतील दोषांचा विचार

संगणकावरच्या खेळांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक प्रकार मुलांचे डोळे, अभ्यास आणि व्यसन यांची काळजी करणारा. दुसरा नव्या खेळाची चित्रे किती देखणी आहेत आणि तो कितीला मिळतो हे सांगणारा. दोन्हींची गरज आहे. पण खेळ ही एक रचना आहे, तिला आशय असतो, घाट असतो, आणि म्हणून तिच्यात गुणदोषही असतात, या अंगाने लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही. दुसरीकडे, हे खेळ वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांची आपापसातली चर्चा मात्र दोषांनीच भरलेली असते. आवडता खेळ कोणता, हे सांगून झाले की लगेच ‘पण’ येतो : पण त्यातली लढाई कंटाळवाणी आहे, पण मजकूर फार आहे, पण नकाशावर खूण नाही, पण वेळेची मर्यादा जाचक आहे.

या ‘पण’च्या यादीत सगळे दोष एका रांगेत उभे केलेले असतात, आणि तिथेच विचार थांबतो. गैरसोय आणि विसंगती, तांत्रिक चूक आणि आशयाची हानी, यांत फरक केला जात नाही. हा फरक करता येतो का, आणि केला तर जुन्या खेळांविषयीची आपली मते बदलतात का, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात आहे. त्यासाठी ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे भूमिकाखेळ या प्रकारातले सात खेळ घेतले आहेत : ‘अल्टिमा ४’ (१९८५), ‘फॉलआउट’ (१९९७), ‘फायनल फँटसी ७’ (१९९७), ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८), ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९), ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६). यांतला ‘फायनल फँटसी ७’ जपानी आहे, बाकीचे उत्तर अमेरिकेत तयार झालेले. शेवटचा वगळता बाकीच्यांना त्यांचे चाहते निःसंकोच ‘अभिजात’ म्हणतात.

दोष कशाला म्हणायचे?

दोषविचारासाठी हत्यार शोधायला फार लांब जावे लागत नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’च्या सातव्या उल्लासात काव्यदोषांची चर्चा केली आहे. त्याची दोन मते आपल्या कामाची आहेत. पहिले असे की, ज्याने काव्यातल्या मुख्य अर्थाची, म्हणजे अंतिमतः रसाची, हानी होते तो दोष. नियम मोडला एवढ्यावरून दोष ठरत नाही. नियम मोडल्याने मुख्य गोष्टीचे काही बिघडले का, हे पाहावे लागते. दुसरे मत असे की, काही दोष नित्य असतात आणि काही अनित्य. कानाला टोचणारी कठोर अक्षरे शृंगारात दोष ठरतात, पण रौद्र रसात तीच शोभतात. आनंदवर्धनानेही हा भेद त्याच्या आधीच मान्य केलेला आहे.

खेळाच्या बाबतीत ‘मुख्य अर्थ’ कुठे राहतो? कथेत, असे उत्तर चटकन सुचते. पण कथा तर कादंबरीत आणि चित्रपटातही असते. खेळात आणखी एक गोष्ट असते ती म्हणजे नियम. काय केले तर काय मिळते, काय गमावते, कशाला वेळ लागतो, कशाला किंमत पडते, हे नियम सांगतात. कथा खेळाडूला शब्दांनी काहीतरी सांगत असते. नियम तेच किंवा वेगळे काहीतरी त्याच्या हातांना शिकवत असतात. चाळीस-पन्नास तास चालणाऱ्या खेळात हातांना शिकवलेले जास्त खोल जाते. म्हणून या लेखापुरती दोषाची व्याख्या अशी : कथा एक सांगते आणि नियम त्याच्या उलट शिकवतात, तिथे दोष. बाकी सगळ्या गैरसोयी. आणि खेळ मध्येच बंद पडणे, अक्षरे चुकीची उमटणे, हे पुस्तकातल्या मुद्रणदोषांसारखे. ते दुरुस्त करावेत, त्यांची समीक्षा करण्याचे कारण नाही.

पटावरून पडद्यावर

या प्रकारातले बरेचसे दोष वारशाने आले आहेत, म्हणून वारसा थोडक्यात पाहायला हवा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे मूळ सैन्याच्या छोट्या प्रतिकृती घेऊन खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होते. सैन्याच्या तुकडीऐवजी प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे, त्याची ताकद, चपळाई, बुद्धी, शहाणपण आकड्यांत मांडायचे, आणि एकाने सूत्रधार व्हायचे. तलवारीचा वार लागला की नाही, हे फाशांवर ठरे. पण फाशांनी काय सांगितले याचा अर्थ सूत्रधार लावी. डाव फारच क्रूर होऊ लागला तर तो सौम्य करी, खेळाडू भलतीच वाट धरू लागला तर त्या वाटेवरही काहीतरी उभे करी.

संगणकाने यातले आकडे आणि फासे जसेच्या तसे उचलले. हिशेब हे तर त्याचे कामच. सूत्रधार मात्र त्याला उचलता आला नाही. म्हणजे कायदा आला, न्यायाधीश आला नाही. पुढचे निम्मे दोष या रिकाम्या खुर्चीतून निर्माण झाले, आणि त्या खुर्चीवर काय बसवायचे याची जी वेगवेगळी उत्तरे दिली गेली, त्यांतून या खेळांची थोरवीही निर्माण झाली.

पुण्याचा हिशेब

‘अल्टिमा ४’ हे त्यातले फार धीट उत्तर. कर्ता रिचर्ड गॅरियट. अल्टिमाच्या आधीच्या तीन भागांत खेळाडू चोरी करी, निरपराध गावकऱ्यांना मारी, आणि शेवटी दुष्टाचा नाश करून नायकही ठरे. ही विसंगती खुद्द गॅरियटलाच खटकली. म्हणून चौथ्या भागात त्याने मारायला खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ सद्गुणांची साधना करून ‘अवतार’ व्हायचे, हेच उद्दिष्ट. शब्द आपल्याकडचा, अर्थ मात्र उलटा फिरवलेला. आपल्याकडे अवतार म्हणजे वरून खाली उतरणे. इथे माणसाने पायरी पायरीने वर चढून अवतार व्हायचे.

सद्गुण मोजायची रीतही कल्पक आहे. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. पैसे किती टाकायचे हे खेळाडूने स्वतः ठरवायचे. कमी टाकले तरी माल मिळतो, ती काही बोलत नाही. पण प्रामाणिकपणा खाली जातो आणि त्याचा पत्ता खूप पुढे लागतो. कुणी तुमच्या मोठेपणाविषयी विचारले आणि तुम्ही बढाई मारली, तर नम्रता घटते. आकडे पडद्यावर दिसत नाहीत. राजवाड्यातला एक द्रष्टा आपल्या प्रगतीविषयी शब्दांत काय सांगेल तेवढेच कळते.

तरीही आकडे आहेतच, आणि इथे दोषाचा पहिला खरा नमुना सापडतो. भिकाऱ्याला एक नाणे दिले तरी करुणा वाढते. दवाखान्यात रक्त दिले की त्याग वाढतो. जखम भरली की पुन्हा द्यावे. काही दिवसांत खेळाडूच्या लक्षात येते की, सद्गुण ही एक उतरंड आहे आणि तिच्यातले प्रत्येक मडके ठरावीक कृतीने भरते. मग तो दानाची फेरी मारू लागतो. मन दयाळू झालेले नसते, हिशेब पक्का झालेला असतो. कथा म्हणते अंतःकरण बदल. नियम म्हणतात खाते भर. सकाळी देवळात नियमाने नाणे टाकून दिवसभर मापात मारणारा दुकानदार आपल्याला ठाऊक आहे. ‘अल्टिमा ४’ नकळत त्याचीच तालीम देतो.

हा दोष नित्य आहे, कारण तो थेट मुख्य अर्थावर घाव घालतो. तरी तो मोठ्या कृतीचा दोष आहे. सद्गुणाचा हिशेब मांडता येतो का, हा प्रश्नच आधीच्या खेळांनी विचारला नव्हता. ‘अल्टिमा ४’ने तो विचारला, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते, हे आपल्याला कळले ते त्याने प्रयत्न केल्यामुळे.

तोच फासा, दोन न्याय

दोष अनित्य कसा असतो याचे उत्तम उदाहरण फाशांचे आहे. कॅनडातल्या बायोवेअर या संस्थेचा ‘बॉल्डर्स गेट’ हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम जवळजवळ अक्षरशः पाळतो. वीस बाजूंचा फासा पडद्यामागे पडत असतो. पहिल्या पातळीचा जादूगार घेतला तर त्याची जीवनशक्ती चार ते सहा, आणि एखाददुसरा मंत्र म्हणून झाला की झोप घेईपर्यंत तो निरुपयोगी. एक बाण नीट लागला की संपला. टेबलावर सूत्रधाराने त्या बाणाची दिशा हळूच बदलली असती. इथे तसे कुणी नाही. म्हणून खेळाडू स्वतःच सूत्रधार होतो : दर लढाईआधी खेळ साठवून ठेवतो, मेला की मागे जातो, फासे मनासारखे पडेपर्यंत तीच लढाई पुन्हा करतो. नायकाच्या आयुष्याची गोष्ट खोडरबराने लिहिली जाऊ लागते. हा दोष खरा आहे, कारण त्यामुळे धोक्याला अर्थ उरत नाही.

पण फासा पडणे, वार हुकणे, हा मात्र तिथे दोष वाटत नाही. ‘बॉल्डर्स गेट’मध्ये आपण वरून, तिरक्या कोनातून, बोटभर आकृत्यांकडे पाहतो. त्या आकृत्या पटावरच्या सोंगट्यांसारख्या असतात. सोंगटीने वार केला आणि तो लागला नाही, असे सांगितले की मन ते स्वीकारते. ढाल आडवी आली असेल, पाय घसरला असेल, हे आपण मनात भरून घेतो. अंतर आहे म्हणून कल्पनेला जागा आहे.

आता बेथेस्डा या संस्थेच्या ‘मॉरोविंड’मध्ये या. इथे आपण नायकाच्या डोळ्यांतून पाहतो. समोर हातभर अंतरावर खेकड्यासारखा प्राणी आहे. आपण तलवार फिरवतो, ती त्याच्या अंगातून आरपार गेलेली आपल्याला दिसते, आणि खेळ सांगतो : हुकली. कारण आतमध्ये शस्त्रकौशल्य, चपळाई, नशीब आणि थकवा यांचा हिशेब करून फासा पडलेला असतो आणि तो विरुद्ध गेलेला असतो. नवशिक्याची तलवार वारंवार हुकावी हा विचार चुकीचा नाही. नियमही साधारण तोच आहे. बदलला आहे तो पाहण्याचा कोन. वरून पाहताना जो नियम कल्पनेला चालना देत होता, तोच डोळ्यांतून पाहताना डोळ्यांना खोटे पाडतो. कठोर अक्षरे रौद्रात शोभतात आणि शृंगारात बोचतात, त्यातला हा प्रकार. ‘फाशांची पद्धत चांगली की वाईट’ हा वाद म्हणूनच निष्फळ आहे. ती कुठे बसवली आहे हे विचारायला हवे.

घड्याळ

दोषांची यादी करणाऱ्यांनी ज्याच्यावर मोठा अन्याय केला, असे माझ्या मते ‘फॉलआउट’मधले दिवसांचे बंधन आहे. अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या एका बंद वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत आहेत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातला एक भाग निकामी होतो. तो शोधून आणायला एकाला बाहेरच्या उद्ध्वस्त जगात पाठवले जाते. मुदत १५० दिवस. नकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना दिवस भराभर सरतात, आणि ते सरताना दिसतात. मुदत संपली की वसाहत मेली, खेळ संपला.

अनेकांना हे जाचक वाटले. मोकळे जग दिले आहे तर ते निवांत पाहू द्या, असे त्यांचे म्हणणे. मूळ आवृत्तीत याच्यापुढे आणखी एक मुदत होती : ५०० दिवसांत शत्रूची फौज वसाहतीपर्यंत पोहोचे. तक्रारींनंतर आलेल्या दुरुस्तीत ती इतकी लांबवली गेली की व्यवहारात उरलीच नाही. पहिली मुदत मात्र राहिली. पाण्याचे तांडे वसाहतीकडे धाडायची व्यवस्था पैसे मोजून करता येते, त्याने १०० दिवस वाढतात; पण मूळ आवृत्तीत त्याची किंमत अशी की तांड्यांच्या मागावरून शत्रूला वसाहतीचा ठावठिकाणा लवकर लागतो. घरच्यांना पाणी पाठवावे तर घर उघडे पडते. ही निवड कथेतल्या कोणत्याही संवादाने सांगितलेली नाही. ती नियमांनीच लिहिलेली आहे. ज्यांना ती फक्त गैरसोय वाटली, त्यांनी गोष्टीचा मर्मभागच दोष म्हणून नोंदवला.

याच वर्षी जपानच्या स्क्वेअर कंपनीचा ‘फायनल फँटसी ७’ आला. त्याच्या शेवटच्या टप्प्यात आकाशात एक प्रचंड लाल उल्का लटकत असते. काही दिवसांत ती पृथ्वीवर आदळणार, सारे संपणार. पण दिवस मोजलेच जात नाहीत. खेळाडू हवे तर चोकोबो नावाच्या शहामृगासारख्या पक्ष्यांची पैदास करतो, त्यांच्या पिढ्या जुळवून सोनेरी पक्षी मिळवतो, करमणूक-नगरीत शर्यती लावतो. उल्का थांबलेली असते. जग वाचवायला निघालेला नायक पक्ष्यांना कोणता पाला घालावा याची चौकशी करत फिरतो, आणि खेळ त्याला त्याबद्दल सर्वांत मोठी शक्ती बक्षीस देतो. कथा म्हणते घाई कर. नियम म्हणतात जितका रेंगाळशील तितका बलवान होशील.

गंमत अशी की, या दोन खेळांपैकी चाहत्यांच्या तक्रारीत आले ते ‘फॉलआउट’चे धावते घड्याळ, थांबलेल्या उल्केवर विनोद झाले, पण तिला कुणी गंभीर दोष मानले नाही. कारण उघड आहे. पहिले घड्याळ खेळाडूला अडवते, दुसरे त्याचे लाड करते. गैरसोयीला दोष म्हणायची आणि लाडांना गुण म्हणायची सवय लागली की समीक्षा ग्राहकाच्या तक्रारवहीत जमा होते.

मरणाचे दोन हिशेब

‘फायनल फँटसी ७’वर एवढे बोलल्यावर त्याची दुसरी बाजू सांगणे भाग आहे. या खेळातली एरिथ ही फुले विकणारी मुलगी पहिली तबकडी संपता संपता मारली जाते. त्यावरची जुनी हरकत सर्वांना माहीत आहे : लढाईत कुणी पडले की ‘फिनिक्सचे पीस’ वापरून त्याला उठवता येते, मग एरिथला का नाही? आपल्या व्याख्येप्रमाणे ही विसंगती आहे. लढाईतले पडणे हे बेशुद्ध होणे, आणि हे खरे मरण, असे समर्थन करता येते. तरी हातांना पन्नास वेळा शिकवलेली गोष्ट एकदाच खोटी पाडली जाते, हे खरेच.

पण त्याच क्षणी नियम कथेच्या बाजूने असे काही उभे राहतात की हा दोष झाकोळून जातो. एरिथ हे नुसते कथेतले पात्र नसते. खेळाडूने तिला लढाईत वाढवलेले असते, तिच्यासाठी शस्त्रे घेतलेली असतात, जखमा भरून काढायला तिच्यावर विसंबायची सवय लावून घेतलेली असते. ती सारी मेहनत वाया जाते. तिच्याजवळचे मंत्रशक्तीचे खडे, ज्यांना खेळात मटेरिया म्हणतात, ते तेवढे परत पिशवीत येतात. तिच्या मरणानंतर लगेच जी लढाई येते तिच्यात नेहमीचे रणसंगीत वाजत नाही. तिचीच धून वाजत राहते आणि खेळाडूला तशातच आज्ञा द्याव्या लागतात. कादंबरीतले पात्र गेले की वाचकाला दुःख होते. इथे दुःखाबरोबर अडचणही होते : तिची जागा भरायची कुणी? घरातले माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी कळते की दुधाचा हिशेब तेच ठेवत होते. त्या जातीची ही अडचण. अशी गोष्ट नियमांशिवाय सांगता येत नाही.

मरणाचाच विचार उलट्या बाजूने करणारा खेळ म्हणजे ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’. ब्लॅक आयल या संस्थेत ख्रिस ॲव्हेलोन याच्या नेतृत्वाखाली तो रचला गेला. नायक एका शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही, अंगभर व्रण आहेत, आणि तो मरू शकत नाही. मेला की बहुधा पुन्हा कुठेतरी जागा होतो. ‘बॉल्डर्स गेट’मध्ये नायक मेला की खेळ संपतो, सोबती मात्र देवळात पैसे भरून जिवंत करता येतात, इथे न मरणे हाच नायकाचा भोग आहे. प्रत्येक जुन्या जन्मात त्याने कुणाचे तरी वाटोळे केलेले आहे, आणि माणसाचा स्वभाव कशाने बदलतो, हा प्रश्न त्याचा पाठलाग करतो. अनुभवाचे गुण इथे लढाईपेक्षा संभाषणांतून, आठवणी परत मिळण्यातून भरघोस मिळतात. ‘मरण म्हणजे हार’ हा या प्रकारातला सर्वांत जुना नियम त्याने मोडला आणि त्या मोडण्यातूनच कथा उभी केली. मजकूर फार आहे, ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार. माझ्या मते तो दोषच नाही. ज्याची स्मृती गेली आहे त्याने वाचूनच स्वतःला शोधायचे आहे.

मग त्याचा दोष कुठे? दोन ठिकाणी. एक, त्याचा यांत्रिक सांगाडा ‘बॉल्डर्स गेट’चाच आहे, म्हणून त्यात लढाया आहेत, आणि उत्तरार्धात, विशेषतः कर्स्ट या गावापासून पुढे, त्या ओघाने वाढतात. जो मरू शकत नाही त्याच्या लढाईत पणाला काय लागते? वेळ, एवढेच. खेळाला हे कळत नव्हते असे नाही. त्याच्यातच एक यांत्रिक भूलभुलैया आहे, जिथे घनाकृती यंत्रजीवांनी साहसकथांतल्या तळघराची कोरडी नक्कल बांधली आहे. त्याच त्या खोल्या, तेच शत्रू, निरर्थक खजिना. म्हणजे ज्या गोष्टीची त्याने इतकी नेमकी टवाळी केली, तीच पुढे स्वतःच्या वाटेवर पसरून ठेवली.

दुसरा दोष अधिक खोल आहे. सुरुवातीला २१ गुण वाटून नायकाची घडण करायला सांगितले जाते. ताकदीला गुण देऊन दांडगा योद्धा करता येतो. खेळ त्याला हरकत घेत नाही. पण आठवणी उघडतात त्या शहाणपण, बुद्धी आणि संभाषणचातुर्य यांच्या जोरावर. दांडग्याला अर्धी कथा दिसतच नाही, आणि आपल्याला ती दिसली नाही हेही त्याला कळत नाही. इथे ‘फॉलआउट’शी तुलना करावी. त्यात बुद्धीचा आकडा अगदी खाली ठेवला तर नायक धड बोलू शकत नाही. तो हुंकार देतो, माणसे त्याला हुसकावतात किंवा त्याची कीव करतात. म्हणजे ‘फॉलआउट’ मूर्खाला वेगळी गोष्ट देतो. ‘टॉर्मेंट’ त्याला तीच गोष्ट कापून देतो. ज्या खेळाचा मुख्य अर्थच ‘तू कोण होतास ते ओळख’ हा आहे, त्याने ओळखीचे दार पहिल्याच पानावर, न सांगता, काहींना बंद करावे, हा नित्य दोष. तरी या सातांत मला सर्वांत प्रिय हाच आहे, हे सांगून टाकतो. प्रिय असणे आणि निर्दोष असणे यांचा संबंध जितका माणसांत असतो तितकाच खेळांत.

दुरुस्तीचे राजकारण

हा सगळा खटाटोप कशासाठी? कारण या जुन्या खेळांची दुरुस्ती सतत चालू आहे. ‘टॉर्मेंट’ची सुधारित आवृत्ती २०१७ साली आली. ‘फायनल फँटसी ७’च्या नंतरच्या आवृत्त्यांत खेळ तिप्पट वेगाने पळवायची आणि वाटेतल्या अवचित लढाया बंद करायची सोय दिली गेली. तो आणि ‘बॉल्डर्स गेट’ आता फोनवरही खेळता येतात. चाहते स्वतःही वर्षानुवर्षे दुरुस्त्या करत असतात. दुरुस्ती करणारा प्रत्येक जण एक समीक्षा-निर्णय देत असतो, भले तो त्याला तसे म्हणो वा न म्हणो. आणि दोषाची व्याख्या चुकली तर दुरुस्ती कृतीचेच काहीतरी कापून टाकते.

याचा धडा ‘मॉरोविंड’ आणि त्याच्यानंतरचा ‘ऑब्लिव्हियन’ यांच्यात आहे. ‘मॉरोविंड’मध्ये वाट दाखवणारी खूण नाही. माणसे तोंडी पत्ता सांगतात : पूल ओलांडा, नदीच्या काठाने उत्तरेला जा, दोन खडकांमधून उजवीकडे वळा. पत्ता कधी अपुरा असतो, खेळाडू तासभर भरकटतो. ‘ऑब्लिव्हियन’ने हा ‘दोष’ काढून टाकला. होकायंत्रावर खूण आली. तिच्याकडे तोंड करून चालत राहावे. गैरसोय गेली. पण ‘मॉरोविंड’ची कथा एका परक्याची आहे, जो त्या बेटावर कैदी म्हणून उतरतो आणि ज्याला तिथले लोक हिणवून परका म्हणतात. भरकटणे, विचारणे, हळूहळू डोंगर-नद्या ओळखू येणे, आणि एके दिवशी न विचारता वाट सापडणे, हाच त्याच्या रुजण्याचा नियमांनी लिहिलेला वृत्तान्त होता. खुणेने वाट दाखवली आणि मुलूख पुसला.

‘मॉरोविंड’मध्ये कथेला आवश्यक असलेल्या माणसालाही मारता येते, खेळ फक्त बजावतो की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना डाव उघड किंवा या बिघडलेल्या जगातच राहा. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये अशी बरीच माणसे मरतच नाहीत, थोड्या वेळाने उठून कपडे झटकतात. एका खेळाने खेळाडूच्या हाताला परिणाम दिला, दुसऱ्याने सुरक्षितता.

आणि सर्वांत मोठी दुरुस्ती अशी : खेळाडू जसजसा बलवान होईल तसतसे जगही बलवान होईल, म्हणजे कुठलीही जागा त्याला फार कठीण वा फार सोपी वाटायला नको. हेतू चांगला होता. परिणाम असा की, पुढे पुढे रस्त्यावरचे भुरटे लुटारूही काचेच्या मौल्यवान चिलखतात उभे राहून फुटकळ खंडणी मागू लागतात. चिलखत विकले असते तर त्याला आयुष्यभर लुटावे लागले नसते. विनोद सोडला तरी हानी मोठी आहे. ‘मी वाढलो’ हे कळायला जग जागच्या जागी राहावे लागते. शाळेची भिंत आपल्याबरोबर उंच होत गेली असती तर आपण मोठे झालो हे कुणालाच कळले नसते. वाढ हाच या प्रकारातल्या खेळांचा स्थायीभाव म्हणावा असा अर्थ आहे. त्याची हानी करणारा हा दोष कोणत्याही संदर्भात गुण होत नाही, आणि तो सोयीच्या नावाने आत आला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खेळ शेवटी करमणुकीसाठी असतो. दमून आलेल्या माणसाने मुदतीच्या धाकाखाली किंवा वाट चुकण्यात संध्याकाळ का घालवावी? त्याने घालवू नये. सोय पर्याय म्हणून देण्याला कुणाची हरकत नसावी. अवचित लढाया बंद करायचे बटण ठेवले म्हणून मूळ खेळ नाहीसा होत नाही. हरकत आहे ती सोयीला सुधारणा म्हणण्याला. जुन्या वाड्याचा उंच उंबरठा पायाला लागतो म्हणून शेजारी उतरती फळी टाकणे वेगळे, आणि उंबरठा ही बांधणाऱ्याची चूक होती असे ठरवून तो फोडणे वेगळे.

या खेळांबरोबर वाढलेली एक पिढी आता चाळिशीत आहे, आणि तिच्या आवडीनिवडी पुढच्या दुरुस्त्या ठरवणार आहेत. तिच्या हाती दोषांची लांबलचक यादी आहे. त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहावा : याने मला अडवले, की याने गोष्टीला खोटे पाडले? ‘अल्टिमा’तले पुण्याचे खाते, ‘मॉरोविंड’ची आरपार जाऊन हुकणारी तलवार, ‘टॉर्मेंट’चे न सांगता बंद केलेले दार, ‘ऑब्लिव्हियन’चे बरोबरीने वाढणारे लुटारू, आणि ती आकाशात वाट पाहत थांबलेली उल्का, यांनी गोष्टीला खोटे पाडले. ‘फॉलआउट’च्या वसाहतीतले पाणी मात्र खरोखरच संपत होते. त्याला हात लावू नये.